नागरिकत्व मिळालं, आता डिग्रीचं काय? वाचकांचे प्रश्न

राम राम मंडळी. मागच्या अंकात नागरिकत्वाच्या अर्जावर लिहिलं आणि नंतर पत्रांचा ढीगच आला, जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, शिरपूर सगळीकडून. बऱ्याच जणांचं म्हणणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं, की सर्टिफिकेट हातात पडलं, आधार झालं, मतदार यादीत नाव लागलं, पण परदेशात जे शिकून आलो त्याचं इथे काय होणार. म्हणून या वेळची सगळी पानं याच विषयाला दिली. कोणाचंही नाव छापलेलं नाही, गावं पण एकदोन ठिकाणी बदलली आहेत, तेव्हा काळजी नसावी.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं एमबीबीएस सिंधमधल्या सरकारी मेडिकल कॉलेजचं आहे, लारकाना साइडला. तिकडे काही वर्षं प्रॅक्टिस पण केली. २०१३ ला बायको-मुलांना घेऊन जळगावला आलो, मामा आधीपासून इथे होते. एलटीव्हीवर (लाँग टर्म व्हिसावर) राहिलो, आता नागरिकत्व मिळालं. इतकी वर्षं फुले मार्केटला मामाच्या कापडाच्या दुकानात बसतो. सगळे म्हणतात आता तू पक्का भारतीय झाला, लाव दवाखान्याचा बोर्ड. लावू का? आणि नाही तर मग मार्ग काय?
— एक डॉक्टर, जळगाव

उत्तर : डॉक्टरसाहेब, बोर्ड लावू नका. हे आधी सांगते कारण बाकी सगळं उशिरा झालं तरी चालेल, ही एक गोष्ट चुकली तर पुढचं सगळं अवघड होऊन बसेल. नॅशनल मेडिकल कमिशनचा (एनएमसीचा) जो २०१९ चा कायदा आहे त्याच्या कलम ३४ मध्ये सरळ लिहिलंय की रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचं शिक्षण खरं, अनुभव खरा, पण रजिस्टरला नाव नाही तोवर कायद्याला तुम्ही आणि कुठलाही बोगस डॉक्टर सारखेच, आणि बोगस डॉक्टरांची शोधमोहीम निघते तेव्हा पथक तुमची मागची कहाणी ऐकत बसत नाही. मित्राच्या दवाखान्यात नुसती मदत म्हणून सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, हे पण त्यातच आलं. बरेच जण इथेच फसतात.

आता मार्ग. नागरिकत्वामुळे तुमच्यासाठी जे बदललं ते हे, की परदेशातून मेडिकल शिकून आलेल्यांची जी स्क्रीनिंग परीक्षा असते, एफएमजीई, तिला फक्त भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवालेच (परदेशी नागरिकत्व असलेले मूळ भारतीय) बसू शकतात, म्हणजे एलटीव्हीवर होता तोवर तो दरवाजा तुम्हाला बंदच होता आणि आता उघडला. एप्रिल २०२२ मध्ये एनएमसीने पाकिस्तानातल्या मेडिकल शिक्षणाबद्दल जाहीर सूचना काढली होती. ती मुळात आपल्या मुलांनी तिकडे शिकायला जाऊ नये म्हणून होती आणि पेपरात पण तेवढंच आलं, पण तिच्यात तुमच्यासारख्यांबद्दल वेगळं वाक्य आहे ते कोणी वाचत नाही: जे स्थलांतरित आणि त्यांची मुलं पाकिस्तानात मेडिकल शिकली आणि ज्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं, ते गृहमंत्रालयाची सुरक्षा मंजुरी घेऊन एफएमजीई देऊ शकतात आणि इथे काम करू शकतात. ही सूचना प्रिंट काढून फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, कारण खिडकीवर बसलेल्या माणसाला "पाकिस्तानची डिग्री चालत नाही" एवढंच माहीत असतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एनएमसीने अजून एक सूचना काढली होती. पाकिस्तानातून छळामुळे आलेले अल्पसंख्याक डॉक्टर, जे ३१ डिसेंबर २०१४ ला किंवा त्याआधी भारतात आले आणि ज्यांना नागरिकत्व मिळालंय, त्यांनी अर्ज करावा, छाननी करून निवडलेल्यांची वेगळी परीक्षा घेऊ. त्या अर्जाची मुदत ५ सप्टेंबर २०२२ ला संपली. तुम्ही २०१३ चे म्हणजे तारखेत बसत होता पण नागरिकत्व तेव्हा हातात नव्हतं. तरी एनएमसीला एक लेखी पत्र टाका, की माझी केस त्या सूचनेतली आहे, नागरिकत्व नंतर मिळालं, मला कुठल्या मार्गाने यायचं ते कळवा. फोनवर विचारू नका, लेखी विचारा, लेखी उत्तर आलं की ते पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला येतं. त्याच पत्रात एलिजिबिलिटी सर्टिफिकेटचं पण विचारून घ्या. बाहेर शिकायला जाण्याआधी ते घ्यायचं असं जे बंधन आहे ते भारताच्या नागरिकासाठी लिहिलेलं आहे, तुम्ही ॲडमिशन घेतली तेव्हा भारताचे नागरिकच नव्हता, हे तुम्हीच त्यांच्यापुढे स्पष्ट मांडलं पाहिजे.

परीक्षेचं म्हणाल तर ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही, साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, कितीही वेळा देता येते. ॲनाटॉमीपासून मेडिसिन-सर्जरीपर्यंत सगळंच येतं आणि तुमचं पुस्तक सुटून बरीच वर्षं झाली, म्हणून दुकानातून वेळ काढून रोज थोडं असं नाही जमणार, घरच्यांशी बोलून निदान एक वर्ष अभ्यासालाच द्या. मामांना माझ्यातर्फे सांगा की काउंटरला दुसरा माणूस मिळेल. पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल तुमची तिकडची इंटर्नशिप बघेल, इथे करावी लागली तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, घर सोडून लांब जायची वेळ यायला नको.

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे डॉक्टर टिकत नाही म्हणून आपण दरवर्षी ओरडतो आणि इथे शिकलेला, हात बसलेला डॉक्टर कापड मोजतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही परीक्षा द्या.

प्रश्न : ताई मी मूळची सिंधची, लग्न होऊन धुळ्याला आले, नागरिकत्व मिळून थोडेच महिने झाले. मी तिकडे मॅट्रिक, इंटर आणि मग बी.ए. केलंय. मराठी आता चांगली येते, मुलांच्या शाळेत सगळ्यांशी मराठीच बोलते. मला बी.एड. करून शिक्षिका व्हायचंय. कॉलेजला गेले तर म्हणाले तुमचं बी.ए. दोनच वर्षांचं आहे आणि ते पण पाकिस्तानचं, काही होणार नाही. सासूबाई म्हणतात "आते काय करानं, जाऊ दे." खरंच काही होणार नाही का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : होणार आहे. पण सरळ रस्त्याने जाईल असं मी म्हणणार नाही, कारण कॉलेजवाले अर्धं बरोबर बोलले.

पाकिस्तानचं ऐकून जे हात झटकले ते चुकीचं. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) एप्रिल २०२२ मध्ये मिळून सूचना काढली, तिच्यात पण डॉक्टरांच्या सूचनेसारखंच वाक्य आहे, की तिकडे उच्च शिक्षण घेतलेल्या आणि भारताचं नागरिकत्व मिळालेल्या स्थलांतरितांना, त्यांच्या मुलांना, गृहमंत्रालयाची सुरक्षा मंजुरी मिळाल्यावर भारतात नोकरी करता येते. म्हणजे दार बंद नाही, दाराला एक जादा कडी आहे. ही मंजुरी वेळ खाते म्हणून त्याचा अर्ज आधी टाका, बाकीची कामं मागून चालू ठेवा, आणि चौकशीला पोलीस घरी आले तर घाबरून जायचं नाही, शेजारपाजाऱ्यांना पण आधीच सांगून ठेवा कशाची चौकशी आहे ते, नाहीतर गल्लीत उगाच चर्चा सुरू होते.

दोन वर्षांचा मुद्दा मात्र खरा आहे. आपल्याकडे बारावीनंतर तीन वर्षांची पदवी असते. पाकिस्तानात जुनी पद्धत दोन वर्षांच्या बी.ए.ची होती, आणि त्यानंतर दोन वर्षांचं एम.ए. आता त्यांनी पण ते बंद करत आणलं पण तुमच्या वयाच्या मुलींनी तेच केलेलं असतं. समकक्षता, म्हणजे परदेशी शिक्षण आपल्याकडच्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीचं हे, बघताना कोर्स किती वर्षांचा, ॲडमिशनला काय लागत होतं, परीक्षा कशी, शिकवलं काय, हे सगळं आपल्याकडच्या कोर्सशी जुळवून बघतात, आणि दोन वर्षांची पदवी तीन वर्षांच्या पदवीबरोबर लावून मिळणं कठीण जातं. तुम्ही तिकडे पुढे एम.ए. केलं असतं तर मी म्हटलं असतं दोन्ही एकत्र टाका. नुसत्या बी.ए.वर मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

तरी अर्ज करा, आणि तो नीट ठिकाणी करा. पूर्वी हे काम एआययू करायची, असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, आणि अजून पण खूप जण तेच नाव सांगतात. एप्रिल २०२५ पासून यूजीसीने परदेशी शिक्षणाच्या मान्यतेचे स्वतःचे नियम आणलेत, त्यात ऑनलाइन अर्ज, तज्ज्ञांची समिती, आणि अर्ज पूर्ण असेल तर १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय, नाही पटला तर फेरविचाराचा अर्ज पण करता येतो. या नियमांत शाळेचं शिक्षण पण येतं, आणि तुमच्यासाठी हीच खरी कामाची गोष्ट आहे. बी.ए.बरोबर इंटरची पण समकक्षता मागा. इंटर म्हणजे आपली बारावी, त्याची १२ वर्षांची रेग्युलर शाळा झालेली आहे, ती मान्य व्हायला अडचण कमी. एकदा बारावी मान्य झाली की तुम्ही इथे पदवीला बसू शकता, घर सांभाळून करायचं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करा, त्याची अभ्यासकेंद्रं आपल्या भागात आहेत, इग्नू पण आहे. तीन वर्षं जातील हे मला माहीत आहे. पण त्यानंतर बी.एड.ची सीईटी, मग टीईटी, कुठेच कोणी तुमच्या कागदाकडे वाकड्या नजरेने बघणार नाही.

तोवर शिकवणी घ्या. घरी क्लास घ्यायला, प्रायव्हेट ऑफिसात नोकरी करायला समकक्षता लागतच नाही, घेणाऱ्याला तुमचं शिक्षण पटलं की झालं. सरकारी नोकरी, रेग्युलर कॉलेजची ॲडमिशन आणि जिथे कायद्याने ठराविक पदवी मागितलीय तिथेच हा कागद लागतो. लोक याच्यात गोंधळ करतात आणि कागद नाही म्हणून साधी अकाउंटंटची नोकरी पण मागायला जात नाहीत.

सासूबाईंना सांगा, जाऊ द्यायचं नाही.

प्रश्न : माझ्या मिसेसच्या तिकडच्या मार्कशीटवर तिचं नाव आणि पुढे तिच्या वडिलांचं नाव आहे, आडनावच नाही. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर माझं आडनाव आहे. लग्नात आमच्याकडे नाव पण बदललं. आता कुठेही गेलो तर म्हणतात ही बाई ती नाही. शिवाय डिग्री तिकडून अटेस्ट करून आणा म्हणतात, आता ती कशी आणायची? येणं-जाणं बंद आहे.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, या एका कारणाने जेवढे अर्ज परत येतात तेवढे दुसऱ्या कशाने येत नाहीत, म्हणून सविस्तर सांगते.

डिग्रीवरचं नाव आपण बदलू शकत नाही, ते देणाऱ्या युनिव्हर्सिटीचं काम. म्हणून बदल इकडून जोडत न्यायचा. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर जे नाव आहे तेच आधार, पॅन, बँक सगळीकडे अक्षर न् अक्षर एकसारखं करून घ्या. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या, त्यात जुनं नाव हुबेहूब मार्कशीटवर आहे तसं, स्पेलिंगसकट, आणि नवं नाव सर्टिफिकेटवर आहे तसं. त्याच्या जोडीला दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं ॲफिडेव्हिट, विवाह नोंदणीचा दाखला, आणि जुना पाकिस्तानी पासपोर्ट. पासपोर्ट जमा केला असेल तर त्याची पावती आणि झेरॉक्स. जुन्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि जन्मतारीख असते आणि मार्कशीटवर पण तीच असते, हा दुवा सगळ्यात पक्का. जन्मतारखेत एका दिवसाचा जरी फरक असला तरी आधी तो मिटवा, नावाचं नंतर बघू.

अजून एक बघा, मार्कशीट लॅमिनेट केलेली आहे का. आपल्याकडे जपून ठेवायचं म्हणजे प्लॅस्टिक चढवायचं हे डोक्यात बसलंय, आणि त्याच्यावर अटेस्टेशनचा शिक्का बसत नाही, मागची बाजू दिसत नाही, मग कागदच परत येतो. कोणी नवीन असेल तर लॅमिनेशन करू नका, आणि झालं असेल तर घरी ब्लेडने काढायला जाऊ नका, शाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते. शाळेचा दाखला सिंधी किंवा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्या, घरातल्या कोणी लिहून दिलेलं चालत नाही.

अटेस्टेशनचं. पाकिस्तानात मॅट्रिक आणि इंटरचे कागद आयबीसीसी तपासतं आणि युनिव्हर्सिटीची डिग्री एचईसी, म्हणजे त्यांचं हायर एज्युकेशन कमिशन. दोन वेगळी ऑफिसं आहेत, लोक सगळे कागद एकाच ठिकाणी पाठवतात आणि महिने घालवतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची वाट बंद झाली आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून येणारं टपाल-पार्सल पण भारताने बंद केलं, त्यामुळे मूळ कागद सरळ येणं आता विसरा. तिकडे मिसेसच्या माहेरचं कोणी असेल तर त्यांना चौकशी करायला लावा, आणि कागद निघाला तर दुबईत वगैरे नात्यातलं कोणी आहे का बघा, कितीतरी घरांत असतं. आणि काहीच जमत नसेल तर ते कारण अर्जासोबत लेखी द्या, बॉर्डर बंद असल्याचा आदेश सगळ्या जगाला माहीत आहे, पण अर्जात लिहिलेलं नसेल तर समितीसमोर नुसता "कागद अपूर्ण" असा शेरा जातो.

एक गोष्ट मला कायम खटकते. २०२४ च्या मार्चमध्ये सीएएचे (नागरिकत्व सुधारणा कायद्याचे) नियम आले, त्यात अर्जदार मूळचा तिकडचाच आहे हे दाखवायला जे कागद चालतात त्यांच्या यादीत तिकडच्या शाळेचं, बोर्डाचं, युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट पण आहे. म्हणजे नागरिकत्व देताना सरकारने तोच कागद हातात घेऊन पाहिला, खरा मानला. मग शिक्षणासाठी तोच कागद पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला लावतात. कोर्स आपल्या तोडीचा आहे का हे तपासायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण कागद त्या माणसाचाच आहे का हे तरी दोनदा विचारू नये. मिसेसच्या नागरिकत्वाच्या अर्जात मार्कशीट जोडली असेल तर त्या अर्जाची प्रत फाइलला लावा आणि अर्जात तसं ठळक लिहा.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. शेजारच्या कुटुंबातला मुलगा पाकिस्तानात मॅट्रिक झालाय, घरच्या सगळ्यांना नागरिकत्व मिळालं, मुलाला अकरावी सायन्सला घालायचंय. कॉलेज म्हणतं बोर्डाचं पत्र आणा. कुठल्या बोर्डाचं?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : सर, आपल्या राज्य मंडळाचं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात, तिथे जा. तिकडे मॅट्रिक नववी-दहावी मिळून दोन भागांत होतं, तेव्हा दोन्ही भागांच्या मार्कशीट लागतात, घरचे बहुतेक वेळा फक्त दुसरा भाग घेऊन येतात. गणित, सायन्स हे विषय होते हे त्याच्यावर दिसलं पाहिजे. तुम्ही स्वतः सोबत गेलात तर फार बरं होईल, मुख्याध्यापकाने नीट समजावलं की ऑफिसात काम लवकर कळतं आणि त्या कुटुंबाला पण धीर येतो.

प्रश्न : माझी पत्नी फिलिपिन्सची, आखातात आम्ही एकाच हॉस्पिटलला होतो. लग्नानंतर शहाद्याला येऊन राहिलो, आता तिला नागरिकत्व मिळालं. ती बी.एस्सी. नर्सिंग आहे, खूप अनुभव आहे. यूजीसीला अर्ज करू का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नाही दादा, यूजीसीकडे जाऊ नका. यूजीसीचे २०२५ चे नियम मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर यांना लागूच नाहीत, ज्या शिक्षणाला स्वतःची कौन्सिल आहे तिथे त्या कौन्सिलचंच चालतं. तुम्ही दिल्लीच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे समकक्षतेचा अर्ज करा आणि तिथून पत्र आलं की मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन. त्याआधी कुठल्याही हॉस्पिटलला स्टाफ नर्स म्हणून लावू नका, हॉस्पिटलवाले कितीही म्हणाले तरी.

तुमचं एक बरं आहे, फिलिपिन्स २०१९ पासून अपॉस्टिलच्या (एकमेकांचे कागद एका शिक्क्यावर मानण्याच्या) करारात आहे आणि भारत २००५ पासून, त्यामुळे तिकडच्या परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल शिक्का लागला की कागद इथे चालतो, वकिलातीत वेगळं जावं लागत नाही. डिग्री, चारही वर्षांचं ट्रान्स्क्रिप्ट ज्यात थिअरीचे आणि वॉर्डातले तास वेगळे दिसतात, आणि तिकडच्या प्रोफेशनल रेग्युलेशन कमिशनचं लायसन्स, एवढं आधी मागवा. ट्रान्स्क्रिप्टमध्ये तास नसतील तर कॉलेजकडून वेगळं पत्र घ्या, कारण तुलना त्या तासांवरच होते. बी.फार्म. आणि वकिलीच्या दोन पत्रांना पण हेच उत्तर समजा: फार्मसी कौन्सिल आणि बार कौन्सिल, यूजीसी नाही.

प्रश्न : नातू अमेरिकेत जन्मला, न्यू जर्सीला बारावी केली. मुलगा-सून कायमचे धुळ्याला परत आले, नातवाची पण भारतीय नागरिक म्हणून नोंदणी झाली. बी.एस्सी.ला इथेच घालायचंय. तो म्हणतो अमेरिकेची शाळा आहे, कोण नाही म्हणेल?
— एक आजोबा, धुळे

उत्तर : बाबा, शाळा अमेरिकेची असो की अजून कुठली, कागद लागतोच. यूजीसीकडे शालेय शिक्षणाची समकक्षता मागा, १२ वर्षांची रेग्युलर शाळा झालेली पाहिजे, तेव्हा नुसता डिप्लोमा न जोडता नववी ते बारावीच्या चारही वर्षांचं ट्रान्स्क्रिप्ट जोडा. जळगावच्या आपल्या युनिव्हर्सिटीच्या एलिजिबिलिटी विभागाला तेच दाखवावं लागेल. विषय बघून घ्या. तिकडे मुलं विषय मनाने निवडतात आणि एखाद्याने केमिस्ट्री घेतलेलीच नसते, मग सायन्सला अडतं. पुढे नीटचा विचार असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी चारही पाहिजेत.

प्रश्न : एक जण म्हणतो मी दिल्लीहून समकक्षतेचं पत्र आठ दिवसांत आणून देतो, पैसे ॲडव्हान्स. देऊ का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : देऊ नका, आणि मूळ मार्कशीट तर अजिबात हातात देऊ नका. अर्ज ऑनलाइन आहे, स्वतःच्या मोबाइल नंबरवरून करता येतो, जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. खोटं पत्र पकडलं गेलं तर गुन्हा तुमच्या नावावर पण येतो, फक्त त्या माणसाच्या नाही, आणि नागरिकत्व नवीन असताना अंगावर केस घेणं किती महागात जाईल याचा विचार करा. ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांनी त्याच्याकडून मूळ कागद आधी परत घ्या, पैशाचं नंतर बघू. कागद देत नसेल तर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या, कारण मूळ मार्कशीट हरवली आणि तिकडून दुसरी काढायची म्हटलं तर पहिल्यांदा तीच पोच मागतील.